स्कापा फ्लो येथील शीतजल-निमज्जन

स्कॉटलंडच्या उत्तरेस ऑर्कनी बेटांनी वेढलेले हे विस्तीर्ण नैसर्गिक बंदर बुडालेल्या युद्धनौकांसाठी ख्यातनाम असून थंड पाण्यातील स्कूबा-निमज्जनाचे यूरोपातील एक प्रमुख क्षेत्र आहे. नोव्हेंबर १९१८ मध्ये जर्मन आरमाराची ७४ जहाजे येथे नजरकैदेत ठेवण्यात आली; ती दोस्तांच्या हाती पडू नयेत म्हणून रिअर अ‍ॅडमिरल लुडविग फोन रॉयटर याने २१ जून १९१९ रोजी ती बुडविण्याचा हुकूम सोडला व ५२ जहाजे तळाशी गेली. १९२४ पासून अर्नेस्ट कॉक्स व पुढे इतरांनी त्यांपैकी बहुतेक वर काढून मोडीत घातली. उरलेल्या तीन युद्धनौका व चार क्रूझर २००१ पासून संरक्षित स्मारके असल्याने त्यांवरील एखादा खिळाही उचलणे हा गुन्हा ठरतो. १९३९ मध्ये जर्मन पाणबुडीने बुडविलेल्या ‘रॉयल ओक’ या ब्रिटिश युद्धनौकेवर तर निमज्जनासच मनाई आहे, आणि ती योग्यच होय, कारण तिच्यासह आठशेहून अधिक नाविक बुडाले.

पाण्याचे तपमान वसंतात सुमारे ६ ते ८ अंश सेल्सिअस, तर उन्हाळ्याच्या अखेरीस १३ अंशांच्या आसपास असते. सफरीची आखणी करताना नवखा मनुष्य खोलीचाच विचार करतो. परंतु ही जहाजे सुमारे २५ ते ४५ मीटरांवर असल्यामुळे वर येताना थांबे घेणे बहुधा अपरिहार्य होते, आणि तळाशी हालचालीने उबदार राहून भरपूर नायट्रोजन शोषून घेतलेले शरीर या निश्चल थांब्यांत गारठले म्हणजे रक्तवाहिन्या आकसून तो वायू सावकाश बाहेर पडतो. म्हणून शेवटच्या थांब्यावर अंगात किती ऊब शिल्लक राहील हे आधी ठरवून त्यावरून तळावरील मुदत काढावी, हे उत्तम.

अंग कोरडे ठेवणारा ‘ड्राय सूट’ येथे अनिवार्यच समजावा. वर येताना त्यातील हवा प्रसरण पावते व ती वेळीच न सोडल्यास पाणबुड्या अनावर वेगाने पृष्ठभागाकडे फेकला जातो. यास्तव तारकर्लीच्या उबदार पाण्यात शिकलेल्याने आपल्या दाखल्यावर विसंबून न राहता या पोशाखाचे स्वतंत्र शिक्षण निघण्यापूर्वीच घ्यावे, आणि नवा कोरा सूट थेट ऑर्कनीत उघडण्याची हौस टाळावी. टाकीतील हवा श्वासासाठी पुरविणारा रेग्युलेटरही थंड पाण्यासाठी बनविलेला हवा, कारण दाबाखालील हवा प्रसरण पावताना इतकी थंड होते की झडप गोठून उघडीच राहते व टाकी पाहता पाहता रिकामी होते.

निमज्जनाच्या नौका ऑर्कनीतील स्ट्रॉमनेसहून सुटतात. हंगामात त्यांवर आगाऊ जागा राखावी. वारंवार निमज्जन केल्यावर विमानात बसण्यापूर्वी किमान १८ तास, आणि थांबे घ्यावे लागले असल्यास त्याहून बरेच अधिक, जाऊ द्यावे लागतात. तेव्हा परतताना स्कॉटलंडच्या मुख्य भूमीवरील स्क्रॅब्स्टरपर्यंत सुमारे दीड तासाची फेरी व पुढे आगगाडी किंवा मोटार धरली, तर या मुदतीचा बराच भाग प्रवासातच सरतो.