स्पेस इन्व्हेडर्स

स्पेस इन्व्हेडर्स हा जपानच्या ताइतो कंपनीने १९७८ साली आणलेला व्हिडिओ गेम आहे. त्याची रचना तोमोहिरो निशिकादो यांनी केली. त्यासाठी लागणारी यंत्रसामग्रीही त्यांनीच तयार केली.

पडद्यावर परग्रहवासीयांच्या ५ रांगा असतात, प्रत्येकीत ११. ते आडवे सरकतात आणि कडेला पोहोचताच एक पायरी खाली उतरतात. खेळाडू तळाची तोफ डावी-उजवीकडे हलवून त्यांना टिपतो. आडोशाच्या ४ ढाली दोन्ही बाजूंच्या माऱ्याने झिजत जातात. परग्रहवासी तळाला पोहोचले की राखीव तोफा शिल्लक असल्या तरी खेळ संपतो.

शत्रू घटतात तसा उरलेल्यांचा वेग वाढतो. हे मुळात योजलेले नव्हते. इंटेल ८०८० या सूक्ष्मप्रक्रियकाला इतक्या आकृत्या हलवणे जड जाई. त्या कमी झाल्या की भार हलका होई. निशिकादो यांनी हा परिणाम तसाच राहू दिला. त्यामुळे शेवटचा एकटा शत्रू टिपणे सर्वांत अवघड ठरते. चार सुरांची पार्श्वधूनही त्याबरोबर द्रुत होत जाते.

या खेळामुळे जपानमध्ये १०० येनच्या नाण्यांची टंचाई झाली, ही प्रसिद्ध कथा मात्र निराधार मानली जाते. १९८० मध्ये अटारी २६०० वरील आवृत्तीने हा खेळ घरोघरी पोहोचवला.