ऐकू येणारे रडार

दातात भरलेल्या चांदीवर रेडिओ लागतो आणि तोंडात गाणी वाजतात, ही गोष्ट तुम्हीही कुठेतरी वाचली असेल. अमेरिकन अभिनेत्री ल्युसिल बॉल तर तो स्वतःचाच अनुभव म्हणून सांगत असे. दंतकथाच ती! (कोटी आपोआप झाली, माफ करा.)

पण शरीर रेडिओलहरी पकडते, हे खरेच आहे. ट्रान्झिस्टरच्या एरियलला हात लावून खरखर कमी करायचा उद्योग आमच्या घरी तरी सगळ्यांनी केलाय. मात्र लहरी पकडणे वेगळे आणि त्यातला आवाज ऐकू येणे वेगळे. लहरींतून आवाज सुटा करणारी जोडणी रेडिओत असते, आपल्या कानात नसते.

मग रडारवर काम करणारे काही लोक "आम्हाला रडार ऐकू येतं" म्हणत, त्याचे काय? त्यांना वेड्यातच काढले जाई. अशाच एका तंत्रज्ञाने हे अॅलन फ्राय यांना सांगितले. फ्राय न्यूयॉर्क राज्यातल्या इथाका इथे जनरल इलेक्ट्रिकच्या संशोधन केंद्रात होते. ते सरळ त्या रडारपाशी गेले, आणि त्यांनाही आवाज आला!

१९६२ साली त्यांनी शोधनिबंध लिहिला. काहीशे फुटांवरूनही लोकांना गुणगुण, टकटक ऐकू येई, आणि तीही डोक्याच्या आत किंवा अगदी मागे. कानशिलापुढे तारेच्या जाळीचा लहानसा तुकडा धरला की आवाज बंद. काही बहिऱ्यांनाही तो ऐकू आला.

कारण १९७४ मध्ये फॉस्टर आणि फिंच यांनी दाखवले. रडारच्या लहरी अगदी छोट्या, जोरदार झटक्यांनी येतात. प्रत्येक झटक्याने डोके अंशाच्या लाखाव्या भागाहूनही कमी तापते, पण इतके अचानक की आतला भाग किंचित प्रसरण पावतो. तो धक्का हाडातून आतल्या कानापर्यंत पोचतो. त्यांनी हाच प्रयोग पाण्यावर केला. ४ अंश सेल्सिअसला पाणी तापूनही प्रसरण पावत नाही, आणि नेमका तिथेच आवाज नाहीसा झाला!

म्हणजे आपण रेडिओ नाही. विविधभारती डोक्यात लागणार नाही, आणि मोबाईलच्या लहरी ऐकू येण्याइतक्या जोरदार नसतात. पण ते रडारवाले खोटे बोलत नव्हते.

मला यात फ्राय यांचे ते जाऊन उभे राहणे सगळ्यात मोठे वाटते. समोरचा म्हणतो "मला ऐकू येतंय", तेव्हा त्याच्या शेजारी जाऊन ऐकायला फारसे काही लागत नाही. तरी आपण किती वेळा जातो?