तंबाखू-नियमनास विरोध (अहमदनगर जिल्हा)
अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) व संगमनेर ही विडी-उद्योगाची जुनी केंद्रे होत. विड्या वळण्याचे काम मुख्यतः स्त्रिया घरी बसून करतात. त्यांच्या रोजगाराचा दाखला नियमनाविरुद्ध वारंवार दिला गेला. त्यांच्या श्वासात जाणाऱ्या तंबाखूच्या धुळीचा विचार त्यात क्वचितच झाला. वेष्टनाच्या दोन्ही बाजूंच्या ८५ टक्के भागावर सचित्र इशारा छापण्याचा नियम केंद्र शासनाने २०१४ मध्ये केला. तो १ एप्रिल २०१५ पासून लागू व्हावयाचा होता. परंतु लोकसभेच्या दुय्यम विधिविधानविषयक समितीच्या शिफारशीवरून पुढे ढकलण्यात आला. समितीचे अध्यक्ष अहमदनगरचे तत्कालीन खासदार दिलीप गांधी होते. श्यामचरण गुप्ता हे सदस्य तर स्वतः विडी-उद्योजक होते. तंबाखू व कर्करोग यांचा संबंध दाखविणारे भारतीय संशोधन नाही, असे गांधी यांचे प्रतिपादन होते. वस्तुतः मुंबईतील जस्सावाला व देशपांडे यांचे या विषयावरील संशोधन १९७१ मध्येच प्रसिद्ध झाले होते. मार्च २०१६ मध्ये समितीने इशाऱ्याचे प्रमाण ५० टक्क्यांवर आणण्याची शिफारस केली; ती न स्वीकारता १ एप्रिल २०१६ पासून मूळ नियम अंमलात आला. कराबाबत मात्र विडीला सवलत मिळाली : वस्तू व सेवा कर परिषदेने सप्टेंबर २०२५ मध्ये तिच्यावरील कर २८ टक्क्यांवरून १८ टक्के करण्याचे ठरविले.