इमारत या शब्दाचा जुना अर्थ

मी उर्दूही शिकवतो आणि मराठीही. दोन्ही भाषांत सारखेच दिसणारे शब्द मला नेहमी थांबवतात. 'इमारत' हा त्यातलाच. मराठीत इमारत म्हणजे उभे बांधकाम. पण ज्या अरबी धातूपासून हा शब्द आला, त्यातूनच उम्र म्हणजे आयुष्य, तामीर म्हणजे बांधणी आणि मेमार म्हणजे गवंडी हे शब्दही निघाले. वक्फच्या जुन्या कायद्यात तर 'इमारत' म्हणजे मुख्यतः देखभाल-दुरुस्ती. बांधलेले टिकवणे.

आज जी सरकारी कामे आहेत, शाळा, सराई, दवाखाना, पाणी, त्यातली पुष्कळशी मुस्लिम राजवटींत वक्फच्या उत्पन्नावर चालत. बाराव्या शतकातल्या मरगीनानींच्या 'हिदाया' या हनफी ग्रंथात त्याचे नियम आहेत. पहिला नियम असा की वक्फच्या उत्पन्नातून आधी दुरुस्ती करायची, देणाऱ्याने तशी अट घातलेली असो वा नसो. लाभार्थ्यांचा वाटा नंतर. घर कुणाला राहायला दिले असेल तर दुरुस्ती त्याच्याकडे. तो करत नसेल किंवा त्याला परवडत नसेल, तर काझीने ते घर भाड्याने द्यावे, भाड्यातून डागडुजी करावी आणि मग घर परत त्याच्या हवाली करावे. पडलेल्या बांधकामाचे सामानही त्याच वास्तूच्या दुरुस्तीला वापरायचे, आज गरज नसेल तर जपून ठेवायचे. मुतवल्लीने ते हकदारांत वाटून टाकायचे नाही. आज आपण ज्याला 'शाश्वत बांधकाम' म्हणतो, त्यातला बराच भाग इथे आहे. सगळेच मुतवल्ली तसे वागले, असे मात्र मी म्हणणार नाही. वक्फच्या जमिनींचे काय झाले ते आपण पाहतोच.

याचे जवळचे उदाहरण म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादची, आताच्या छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याला लागून असलेली. डोंगरातल्या झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून कित्येक किलोमीटर येते, भिंतीवरून हौदात पडते. त्याच पाण्याच्या जोरावर जाते फिरायचे आणि फकीर, प्रवासी, विद्यार्थी यांच्यासाठी पीठ निघायचे. हौदाचा तळ हेच खालच्या दालनाचे छत, म्हणून उन्हाळ्यातही तिथे गारवा. वीज लागत नाही, पंखा लागत नाही.

त्याच्याही आधीची नहर-ए-अंबरी. 1610 मध्ये खडकी वसवणाऱ्या मलिक अंबरने ती शहरासाठी काढली. तिची खुबी मला नळांपेक्षा वरच्या बांधकामात दिसते. गाळ काढायला माणूस आत उतरेल अशी तोंडे वाटेत ठेवलेली, हवा आणि दाब मोकळा व्हावा म्हणून उभे खांब बांधलेले. म्हणजे साफसफाई नकाशातच धरलेली होती. पुढे त्या तोंडांवर आणि नळांवर शहर वाढले, ठिकठिकाणी नहर फुटली, बुजली.

1854 मध्ये डलहौसीने सार्वजनिक बांधकाम खाते उभे केले. या खात्याच्या हिशेबात 'मूळ कामे' आणि 'दुरुस्ती' असे दोन वेगळे रकाने आले. हिशेबाला ते सोयीचेच. पण 'हिदाया'त पहिला हक्क असलेली दुरुस्ती इथे दुसऱ्या रकान्यात गेली, आणि उद्घाटनाची कोनशिला पहिल्या रकान्यातल्या कामालाच लागते.

आता आपल्याकडे मानके पुष्कळ आहेत. राष्ट्रीय इमारत संहिता 1970 पासून आहे, 2016 मध्ये ती सुधारून आली. 2007 मध्ये ऊर्जा बचतीची इमारत संहिता आली, 'गृह' हे हरित इमारतींचे मानांकनही आले. चांगलेच झाले. पण ती ऊर्जा संहिता केंद्राने मूळ 500 किलोवॅट किंवा त्याहून अधिक जोडभार असलेल्या व्यापारी इमारतींसाठी ठरवली. चार वर्गखोल्या, आठ पंखे आणि एक संगणक असलेली खेड्यातली सरकारी शाळा त्या हिशेबात कुठून बसणार? आणि अशाच इमारती तर सर्वांत जास्त.

आमच्या भागातल्या एका शाळेचे छत गळत होते. पन्हळी साफ करून गच्चीवर पाणी अडवणारा थर दिला असता तर काम भागले असते. अर्ज गेला. उत्तर आले की दुरुस्तीसाठी तरतूद नाही, नवीन वर्गखोलीचा प्रस्ताव पाठवा.