माळा व छपराचे उष्णतारोधन
कौलारू घरात तुळयांवर फळ्या बसवून छपराखाली केलेल्या जागेस माळा म्हणतात. धान्य व अडगळ ठेवण्याबरोबरच उन्हाळ्यात खालची खोली थंड राखणे, हे त्याचे महत्त्वाचे कार्य होय. तापलेल्या कौलांची उष्णता थेट खोलीत न उतरता माळ्यावरील हवेत येते आणि ती हवा कौलांच्या फटींतून बाहेर पडते.

कोकणातील घरांवर पूर्वी गवत किंवा नळीची कौले असत. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूर येथे कारखाना काढल्यानंतर चपट्या मंगलोरी कौलांचा प्रसार झाला. माळा मात्र टिकून राहिला. १९८० नंतरच्या दशकांत ठाणे व डोंबिवली येथील मानपाडा या दोन्ही वस्त्यांत सलोह काँक्रीटच्या बहुमजली इमारती वाढल्या व तेथे माळ्याची जागा सपाट स्लॅबने घेतली. स्लॅब दिवसा उष्णता साठवितो आणि रात्री ती खाली सोडतो. त्यामुळे सर्वांत वरच्या मजल्यावरील रहिवाशांना उकाडा अधिक जाणवतो.

गच्चीवर विटांच्या तुकड्यांचा कोबा करणे, पांढऱ्या चिनी मातीचे तुकडे बसविणे किंवा चुन्याचा लेप देणे, हे यावरील प्रचलित उपाय होत. पत्र्याच्या छपराखाली हवेशीर पोकळी सोडून आतील छत बसविल्यास माळ्याचेच तत्त्व पुन्हा उपयोगी पडते.