नाक चालतं, मग स्तन का नाही?

वऱ्हाडात बाई 'टाटाला गेली' म्हटलं की पुढचं कोणी विचारत नाही. मुंबईचं टाटा हॉस्पिटल 1941 चं. बडनेऱ्याहून, अकोल्याहून गाडीत बसून कितीक जणी गेल्या, स्तन काढून आल्या अन् पदर सारखा करत जगल्या. 'जीव वाचला ना, आता शोभा कशाला?' हे आपलं ठरलेलं उत्तर.

पण टिपूच्या सैनिकांनी नाक कापलेल्या कावसजी गाडीवानाला पुण्याकडच्या एका देशी वैद्यानं कपाळाची कातडी वळवून नवं नाक दिलं. 1794 मध्ये ते लंडनच्या मासिकात छापून आलं. त्याला कोणी शोभा म्हटलं नाही, पुरुषाचं नाक होतं ना! युक्ती एकच, कातडीचा रक्तपुरवठा तोडायचा नाही. इटलीच्या तान्सिनीनं 1906 मध्ये त्याच तत्त्वावर पाठीचं मांस-कातडं छातीवर आणलं. पुढे पोटाचंही वापरू लागले. सिलिकॉन 1962 चं, अमेरिकेतलं. ते मात्र आधी शोभेसाठीच बसवलं.

रेडिएशन लागणार असेल तर सिलिकॉनला त्रास होण्याची शक्यता वाढते. काहीच न करता ब्रामध्ये पॅड ठेवणं, हीही वाट आहेच. पण स्तन काढायच्या आधीच डॉक्टरांना विचारा: "पुन्हा बनवता येईल का? अन् योजनेत बसतं का?"