पहिल्या लांब शर्यतीच्या चुका : अथेन्सपासून आलापल्लीपर्यंत

१/ आलापल्ली हे गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण भागातले, सागवनांनी वेढलेले गाव. अहेरी, सिरोंचा, भामरागड आणि एटापल्लीकडे जाणारे रस्ते येथून फुटतात. या भागातील अनेक तरुणांची धावण्याशी गाठ पडते ती भरतीच्या निमित्ताने. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. त्यानंतर काहींना अर्धमॅरेथॉन खुणावू लागते आणि १६०० मीटरची सवय असलेले पाय थेट २१ किलोमीटरच्या रेषेवर उभे राहतात. ही उडी किती फसवी असते, हे मॅरेथॉनच्या इतिहासाने पहिल्याच शर्यतीत दाखवून दिले होते. (थ्रेड)

२/ आधी अंतराविषयी. अर्धमॅरेथॉन म्हणजे २१.०९७५ किलोमीटर. हा विचित्र आकडा १९०८ च्या लंडन ऑलिम्पिकमधून आला. ती शर्यत विंडसरच्या राजवाड्यापासून निघून स्टेडियममधील राजघराण्याच्या सज्जासमोर संपली आणि अंतर भरले २६ मैल ३८५ यार्ड. १९२१ मध्ये तेच प्रमाण ठरवले गेले. त्याआधी प्रत्येक शहराची मॅरेथॉन आपापल्या लांबीची असे.

३/ १० एप्रिल १८९६. मॅरेथॉन गावापासून अथेन्सपर्यंत सुमारे ४० किलोमीटरची पहिली ऑलिम्पिक मॅरेथॉन. शर्यतीला १७ जण उभे होते. त्यांत तीन नावे विशेष होती : ऑस्ट्रेलियाचा एडविन फ्लॅक, अमेरिकेचा आर्थर ब्लेक आणि फ्रान्सचा आल्बां लेर्म्युझिओ. त्याच ऑलिम्पिकच्या १५०० मीटर शर्यतीत हे तिघे अनुक्रमे पहिले, दुसरे आणि तिसरे आले होते.

४/ तिघांनीही सुरुवातीपासून आघाडी घेतली आणि तिघांपैकी एकालाही शर्यत पुरी करता आली नाही. ब्लेक २३ किलोमीटरच्या सुमारास थांबला, लेर्म्युझिओ ३२ च्या आसपास. आघाडी हाती आलेला फ्लॅक शेवट जवळ आला असताना कोसळला. त्यांच्या पायांत वेग होता आणि छातीत दमही होता. मात्र हा दम किती किलोमीटरांना पुरवायचा, याचा हिशेब त्यांनी कधी केलेला नव्हता.

५/ जिंकला स्पिरिडॉन लुईस, २ तास ५८ मिनिटे ५० सेकंदांत. ग्रीकांनी त्याआधी याच मार्गावर दोन चाचणी शर्यती घेतल्या होत्या आणि दुसऱ्या चाचणीत लुईस पाचवा आला होता. म्हणजे मुख्य शर्यतीच्या दिवशी हे अंतर त्याला नवे नव्हते. तिसरे स्थान हंगेरीच्या ग्युला केल्नरला मिळाले. त्यानेही मायदेशी या पल्ल्याची चाचणी दिलेली होती. (मूळ तिसरा आलेला बेलोकास वाटेत काही अंतर घोडागाडीत बसून आल्याचे उघड झाले आणि तो बाद ठरला!)

६/ दुसरा धडा उन्हाचा. ३० ऑगस्ट १९०४, अमेरिकेतील सेंट लुई. तापमान ३२ अंशांच्या घरात, रस्ता धुळीचा, शर्यत भर दुपारची. पाणी मिळण्याच्या जागा दोनच : सहाव्या मैलावर टाकी आणि बाराव्या मैलावर विहीर. ही टंचाई हेतुपुरस्सर होती. पाण्यावाचून शरीराचे काय होते, याचे कुतूहल आयोजक जेम्स सलिव्हन यांना होते. ३२ पैकी अवघे १४ जण शेवटपर्यंत पोहोचले.

७/ विजेत्या थॉमस हिक्सला वाटेत त्याच्या साहाय्यकांनी अंड्याच्या बलकाबाहेरच्या पांढऱ्या भागात मिसळलेले स्ट्रिक्नीन दिले, वर ब्रँडी पाजली. स्ट्रिक्नीन हे विष आहे. तेव्हा ते उत्तेजक समजले जाई. नवशिक्याच्या चुका केवळ धावणाराच करतो असे नाही. शर्यत भरवणारे आणि सल्ला देणारेही त्या करतात, आणि त्यांची किंमत धावणाऱ्याला मोजावी लागते.

८/ आता महाराष्ट्रात येऊ. पुण्यातील डेक्कन जिमखाना, १९१९. अध्यक्ष दोराबजी टाटा क्रीडास्पर्धा पाहत होते. त्यांनी पुढे १९२९ साली आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या अध्यक्षांना लिहिलेल्या पत्रात या दिवसाचे वर्णन आहे. स्पर्धक शेतात राबणारी, साध्या अन्नावर जगणारी शेतकऱ्यांची मुले होती. रोलर न फिरवलेल्या खडबडीत गवताळ मैदानावर १०० यार्डांची शर्यत वळणावरून आणि पट्टे न आखता घेण्याचा बेत होता. युरोपीय नियमांचा आणि शास्त्रशुद्ध सरावाचा मागमूस नव्हता.

९/ दिवसाची मुख्य शर्यत सुमारे २५ मैलांची होती. खडीच्या कठीण रस्त्यावर अनवाणी धावून पहिल्या तीन-चार जणांनी नोंदवलेली वेळ युरोपातील वेळांच्या तोडीची असल्याचे टाटांना दिसले. त्यांपैकी तिघांना स्वखर्चाने अँटवर्पला पाठवण्याची तयारी त्यांनी दाखवली. पुण्यातील राष्ट्रीय वृत्तीच्या मंडळींनी मग पूर्ण संघच पाठवण्याचा ध्यास घेतला. अशा रीतीने १९२० मध्ये भारताचा पहिला ऑलिम्पिक संघ उभा राहिला.

१०/ मॅरेथॉनसाठी दोघे निवडले गेले : फडेप्पा दरेप्पा चौगुले आणि सदाशिव दातार. चौगुले तेव्हाच्या मुंबई इलाख्यातील बेळगावचे. २२ ऑगस्ट १९२० रोजी अँटवर्पला गारवा होता, पाऊस भुरभुरत होता. अंतर ४२.७५ किलोमीटर, म्हणजे ऑलिम्पिकच्या इतिहासातील सर्वांत लांब मॅरेथॉन. फिनलंडचा हान्नेस कोलेह्मायनेन २ तास ३२ मिनिटे ३५.८ सेकंदांत पहिला आला. चौगुले २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत १९ वे आले. दातारांना शर्यत पूर्ण करता आली नाही.

११/ ‘१९ वा क्रमांक’ ऐकून पुढे जाण्याआधी थोडे गणित करावे. चौगुल्यांचा सरासरी वेग किलोमीटरला चार मिनिटांच्या किंचित आत येतो. अथेन्सच्या विजेत्या लुईसला एका किलोमीटरला सुमारे साडेचार मिनिटे लागली होती. म्हणजे केवळ २४ वर्षांपूर्वीच्या ऑलिम्पिक विजेत्यापेक्षा बेळगावचा हा धावपटू अधिक लांब पल्ला अधिक वेगाने धावला. त्याच गतीने आज अर्धमॅरेथॉन धावली, तर ती साधारण १ तास २४ मिनिटांत संपेल.

१२/ मात्र विजेता त्यांच्याहून १८ मिनिटे पुढे होता. कोलेह्मायनेन १९१२ च्या ऑलिम्पिकमध्ये ५००० आणि १०,००० मीटरची सुवर्णपदके जिंकलेला मुरलेला धावपटू होता. पुण्याच्या रस्त्यांवर कष्टाने कमावलेला दम होता. स्पर्धांचा अनुभव, सरावाची शिस्त आणि चुकांची नोंद ठेवणारी परंपरा अजून घडायची होती.

१३/ ती परंपरा लगेच फळली नाही. १९२० मध्ये मद्रासला वाय.एम.सी.ए.चे शारीरिक शिक्षण विद्यालय निघाले, १९२७ मध्ये भारतीय ऑलिम्पिक संघटना स्थापन झाली आणि टाटा तिचे पहिले अध्यक्ष झाले. पण मधल्या १९२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये मॅरेथॉन धावलेले महादेव सिंह २९ वे आले. संस्था उभी राहणे वेगळे आणि तिचे ज्ञान गावागावातल्या धावणाऱ्यापर्यंत पोहोचणे वेगळे.

१४/ ते ज्ञान पोहोचले की काय घडते, याचे उदाहरण नाशिक जिल्ह्यातील सावरपाडा या आदिवासी पाड्यावरची कविता राऊत. अनवाणी धावण्यापासून सुरुवात, मग नाशिकमध्ये विजेंदर सिंग यांच्यासारख्या प्रशिक्षकाचे मार्गदर्शन. २०१० मध्ये १०,००० मीटरमध्ये राष्ट्रकुल स्पर्धेत कांस्य आणि आशियाई स्पर्धेत रौप्य. २०१६ मध्ये रिओ ऑलिम्पिकची मॅरेथॉन. डोंगरातला दम तोच. त्याला मार्गदर्शनाची जोड मिळाली.

१५/ आलापल्लीच्या रस्त्यावर पहिल्या अर्धमॅरेथॉनची तयारी करणाऱ्याला या इतिहासातून तीन गोष्टी थेट घेता येतात. फ्लॅकची : १६०० मीटरचा वेग २१ किलोमीटरला लावू नये, सुरुवातीचे किलोमीटर मुद्दाम हळू काढावेत. लुईसची : शर्यतीपूर्वी लांब पल्ल्याची सवय टप्प्याटप्प्याने वाढवावी, सरावातले बूट शर्यतीतही तेच असावेत. सेंट लुईची : चंद्रपूर-गडचिरोलीच्या उन्हात पाण्याची सोय आधी पाहावी, सराव पहाटे करावा आणि चक्कर येऊ लागली तर थांबावे.

१६/ १८९६ मध्ये १५०० मीटरचे तिन्ही पदकविजेते ज्या चुकीने गारद झाले, ती चूक आज भरतीची तयारी करणारा कोणताही मुलगा किंवा मुलगी टाळू शकते. चौगुले आणि दातार यांना हे सांगायला त्यांच्याआधी देशातून मॅरेथॉन धावून आलेले कोणीही नव्हते. आजच्या नवशिक्यांकडे त्यांची गोष्ट आहे. (समाप्त)